घरटी एक हात

यादीत आपल्या नावाच्या बरोबर वर बायकोचं नाव बघून आबाजी पेरण्यांना आधी वाटलं, छापणाऱ्याची चूक झाली असेल. सरकारी यादी म्हटली की कुणाचा बाप बदलतो, कुणाचं वय एकशे दोन होतं, तसंच काहीतरी. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. तेरा, विमलबाई आबाजी पेरणे, मु. बोरशेत. चौदा, आबाजी गणू पेरणे, मु. बोरशेत. कर्जतच्या त्या सभागृहाच्या दारावर यादी चिकटवली होती आणि तिच्यापुढे दहावीस माणसं आपापली नावं शोधत एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होती. निवडणुकीच्या पद्धतीत काय बदल करावेत, याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला एक समिती गावोगाव हिंडत होती, ती आज इथं आली होती. ज्याला बोलायचं त्यानं आधी नाव द्यायचं, पाच मिनिटं मिळणार. आबाजींनी पेपरात वाचल्या दिवशीच नाव दिलं होतं. सकाळी मुलाच्या घरून निघताना विमलबाई म्हणाल्या होत्या, "मी पन येते, फ्लॅटातल्या भिंती किती बघू?" तेव्हा आबाजींची छाती उलट दोन बोटं फुगली होती. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण बायको आपलं भाषण ऐकायला एवढी हौसेनं येते आहे, हे कुणाच्या नशिबी असतं! आणि आता हे तेरा नंबरचं प्रकरण. ते मागे वळले. विमलबाई पायरीवर उभ्या राहून पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पीत होत्या, अगदी निवांत.

"अगं, हे काय?" आबाजींनी यादीकडे बोट केलं.

"काय म्हंजे? नाव हाय माझं."

"ते दिसतंय मला. दिलं कुणी?"

"मीच. कशेळ्याच्या बाजाराला गेले होते ना, तवा. तिथल्या कॉम्प्युटरवाल्यानं भरून दिलं."

"आणि मला बोललीस नाय?"

"तुमी तुमचं नाव देताना मला इचारलंत?" विमलबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "चला आत, पंख्याखालची जागा जाईल."

पंख्याखालची जागा मिळाली, पण आबाजींना घाम फुटायचा तो फुटलाच. खिशात भाषणाचे चार कागद होते. ते त्यांनी मुलाला, राजेशला, दोनदा वाचून दाखवले होते, इमारतीच्या वॉचमनला एकदा, आणि आरशासमोर किती वेळा ते मोजलं नव्हतं. फक्त विमलबाईंना वाचून दाखवले नव्हते. तिला काय दाखवायचे, तिला सगळं ठाऊकच आहे, असा आपला हिशेब. भाषणाचा मुद्दा एकच आणि दणदणीत होता. साहेब, तुम्ही पद्धत कसली बदलता, आमच्या बोरशेतला या आणि बघा. आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणून गेल्या पस्तीस वर्षांत झालीच नाही. सातच्या सात वेळा बिनविरोध. एक खुर्ची तुटली नाही, एक भाऊ भावाला तुटला नाही. अर्ज भरायच्या आधल्या रविवारी बहिरीच्या देवळापुढे गाव बसतं, चर्चा होते, एक नाव ठरतं, आणि देवापुढच्या नारळावर घरटी एक माणूस येऊन हात ठेवतो. हात ठेवला म्हणजे शब्द दिला. आता या घरातून दुसरा अर्ज जाणार नाही. शेवटचा हात पडला की नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं, की झाली निवडणूक. देशानं हा धडा घेतला तर केवढा खर्च वाचेल! इथं आरशातल्या आबाजींनी दर वेळी जरा थांबून टाळ्यांना जागा ठेवली होती.

आणि ही पद्धत काढली कुणी? आबाजींनीच. ते तेव्हा अडतीस वर्षांचे होते. त्याच्या आधीच्या निवडणुकीत गाव उभं फाटलं होतं. खालच्या आळीनं वरच्या आळीचं हळदीकुंकू बंद केलं, एका रात्रीत पेंढ्याच्या तीन उडव्या पेटल्या, आणि सख्ख्या चुलत्यानं आबाजींच्या वडिलांच्या तिरडीला खांदा दिला नाही. ते दृश्य आबाजींच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. वडील अंगणात निजवलेले, आणि चुलता स्वतःच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेला, मान ताठ, पण मानेवरची शीर उडते आहे. दोन मतांसाठी! त्या दिवशी आबाजींनी ठरवलं की हे परत होऊ द्यायचं नाही, आणि होऊ दिलं नाही. जावयांना, व्याह्यांना, एसटीत शेजारी बसलेल्या परक्यालासुद्धा त्यांनी ही गोष्ट ऐकवली होती. तिच्यात खोटं काहीच नव्हतं. मग आज पंख्याखाली बसून तळव्यांना घाम का यावा, हे त्यांना कळेना. त्यांनी शेजारी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. विमलबाईंच्या हातात कागद नव्हता, काही नव्हतं. ही बोलणार काय? आणि मुळात हिला निवडणूक पद्धतीबद्दल बोलायचंय काय? भाताच्या वाणाबद्दल बोलली असती तर समजण्यासारखं होतं.

सभा सुरू झाली. मंचावर तिघं जण होते, मधले अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचे, कुणीही काहीही बोललं तरी लिहून घेणारे. समितीबरोबर आलेली सुप्रिया नावाची तरुण बाई माईक सांभाळत होती. पहिला बोलायला उठला तो खोपोलीच्या कारखान्यातला कामगार. म्हणाला, मतदानाची सुट्टी कागदावर असते, पण माझी शिफ्ट सकाळी सातला सुरू होते ती सुटते तेव्हा रांग बंद झालेली असते, तेव्हा मतदान दोन दिवस ठेवा. दुसरा एक प्राध्यापक, त्यानं पडद्यावर रंगीत गोल दाखवले. शंभरातली तीस मतं घेणारा निवडून येतो आणि सत्तर जण बघत बसतात, तर पक्षाला जेवढी मतं तेवढ्या जागा द्याव्यात, असं त्याचं म्हणणं. अध्यक्षांनी विचारलं, "मग माझ्या गावची मोरी तुंबली तर मी कुणाच्या दारात जायचं? माझा असा माणूस कोण?" प्राध्यापक म्हणाला, त्यावरही एक तक्ता आहे. सभागृह हसलं. आबाजीही हसले, पण पोटातून नाही. तिसरी कुणीतरी म्हणाली, निवडून दिलेल्याला परत बोलवायची सोय हवी. चौथा म्हणाला, अहो मग तो पाच वर्षं खुर्चीच धरून बसेल, काम कधी करणार? आबाजींना एरवी असल्या वादात पडायला कोण आवडायचं! आज एकेक नंबर पुढे सरकत होता आणि त्यांना तो आपल्या पायावरून सरकल्यासारखा वाटत होता.

मग त्या सुप्रियाबाईंनी गंमत केली. म्हणाल्या, पसंतीक्रमाची पद्धत ऐकून कळत नाही, करून बघू. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. चहाबरोबर सगळ्यांसाठी एकच पदार्थ मागवायचा आहे: वडा, पोहे की मिसळ? पहिल्या पसंतीला फुली मारायची आणि खाली दुसरी पसंती लिहायची. आधी नेहमीसारख्या फक्त फुल्या मोजल्या. बरोबर शंभर चिठ्ठ्या आल्या. वड्याला एक्केचाळीस, पोह्यांना बत्तीस, मिसळीला सत्तावीस. "वडा निवडून आला!" मागून कुणीतरी शिट्टी घातली. बरोबरच आहे, कर्जतात दुसरं कोण निवडून येणार? आता त्याच चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघू, सुप्रिया म्हणाल्या. सगळ्यात मागे राहिली मिसळ, तर मिसळवाल्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीला जाणार. सत्तावीसातल्या बावीस जणांनी पोहे लिहिले होते. पोहे चोपन्न, वडा सेहेचाळीस. सभागृहात असा गदारोळ उठला की विचारू नका. "कर्जतात वडा पडला! तोंड दाखवायला जागा नाय उरली!" एक म्हातारे गृहस्थ तर खरोखर तावातावानं उठले आणि म्हणाले, ही पद्धत आली तर मी आडवा पडेन. सुप्रिया हसत म्हणाल्या, "काका, पण चोपन्न जणांना वड्यापेक्षा पोहे बरे वाटतात, हे कळलं की नाही?" आबाजींनी मिसळ लिहिली होती आणि दुसरी पसंती पोहे. म्हणजे वडा पाडणाऱ्यांत आपणही आहोत, हे लक्षात येऊन त्यांना आधी हसू फुटलं आणि मग कसंसंच झालं. कारण त्यांना आठवलं, घरी रविवारी वडेच येतात. राजेश आणतो. 'सगळ्यांना वडेच आवडतात' असं ठरून किती वर्षं झाली? आपल्याला मिसळ आवडते, हे आपण कधी बोललोच नाही. कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून सगळ्यांचं एकमत. समोरचं माणूस काही बोललं नाही तर आपण त्याचा होकार धरतो. विमलनं काय लिहिलं असेल? अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्या हातचं बोटं चाटून खाल्लं, पण तिला स्वतःला काय आवडतं, हे कुणी शपथेवर विचारलं असतं तर आबाजींची बोबडी वळली असती.

आणि मग एकदा मन असं सुटलं की ते दावणीला परत येईना. त्यांना आपल्या सात नारळांपैकी एकेक नारळ आठवू लागला, आणि गंमत म्हणजे आज त्या आठवणीत भलतीच माणसं पुढे येऊन उभी राहत होती. दुसऱ्या नारळाच्या वेळचा गजा. गजाला अर्ज भरायचा होता. तरणाबांड, बारावी झालेला, शाळेच्या छपरासाठी भांडणारा. त्या रविवारी तो देवळात आलाच नाही. आबाजी त्याच्या घरी जाऊन बसले होते. रागावले नव्हते, दमदाटी केली नव्हती, देवाशपथ नाही; फक्त बसले होते. सकाळी दहाला गेले ते दिवेलागण होईपर्यंत. तीन वेळा चहा झाला. "गजा, माझ्या बापाच्या तिरडीला खांदा मिळाला नव्हता रं," एवढंच ते म्हणाले होते. गजानं संध्याकाळी पायांत चपला घातल्या, देवळात आला, नारळावर हात ठेवला. त्याचा हात थंडगार होता; आबाजींचा हात त्याच्या हातावर होता म्हणून त्यांना ते माहीत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजा पुढच्या वर्षी पनवेलला गेला तो गेलाच. भाषणाच्या चार कागदांत गजा कुठंच नव्हता. आणि वरच्या वाडीचा हिरू ठाकर? वाडीत चाळीस घरं. घरटी एक हात म्हटल्यावर चाळीस हात व्हायला हवेत. पण एवढ्या लांबून सगळे कशाला येतील म्हणून वाडीचा मिळून एकच हात, हिरूचा, अशी वहिवाट पडली. कुणी पाडली? आपोआप पडली. आपोआप म्हणजे आपणच की, आबाजी! हिरू तरी दर वेळी हात ठेवायच्या आधी जरा थांबायचा. आबाजींना वाटायचं, देवाला नमस्कार करतो आहे.

"पानी पिताव?" विमलबाईंनी बाटली पुढे केली.

"नको."

"घाम किती आलाय. बरं नाय वाटत काय?"

"तू काय बोलनार हायेस, ते सांग आधी."

"ऐकालच की आता. दोन नंबर ऱ्हायलेत."

त्यांच्या आवाजात खोच नव्हती, राग नव्हता, आणि म्हणूनच आबाजी जास्त घाबरले. खरं म्हणजे त्यांना कळून चुकलं होतं. गावात सांगितली की हमखास हशा पिकायचा अशी एक गोष्ट होती, आणि ती विमलबाईंचीच होती. चौथ्या नारळाला सरपंचपद बायकांसाठी राखीव आलं. देवळापुढे बासष्ट पुरुष बसले. कुणाची बायको, कुणाची सून करत करत शेवटी एक जण म्हणाला, आबाजीच्या घरातलीच करा, म्हंजे कारभार आबाजीच बघंल. बासष्ट हात पडले. त्यात एक हात आबाजींचाही, घरटी एक म्हणून. विमल तेव्हा खळ्यावर भात झोडत होती. आबाजी खोबऱ्याचा तुकडा घेऊन खळ्यावर गेले आणि म्हणाले, "आ कर. खा. सरपंच झालीस तू." तिच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे भाताचं तूस होतं. तिनं तुकडा खाल्ला आणि विचारलं, "मतदान कधी हाय?" आबाजी पोट धरून हसले होते. मतदान कसलं, येडे, सगळं झालं! पुढची वीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते आणि 'मतदान कधी हाय' या वाक्याला माणसं हसत होती. विमलबाईही हसायच्या, आतून चहाचे कप घेऊन येताना. पाच वर्षं सही त्यांची आणि शब्द आबाजींचा. सरपंचपती म्हणून तालुक्याला त्यांना पुढची खुर्ची मिळायची. एकदाच विमलबाई ग्रामसेवकाला घेऊन आबाजींना न सांगता वाडीवर चढून गेल्या होत्या, सहा महिने त्यामागे लागल्या होत्या, आणि वाडीत बोअर आली. 'आबाजींनी वाडीला पाणी दिलं' असं लोक अजून म्हणतात. आबाजींनी ते खोडून काढलं नव्हतं. मुद्दाम नाही, एवढं काय त्यात, घरातलंच तर आहे. तेच घरातलं आता माईकसमोर जाणार होतं. पस्तीस वर्षांत कमावलेलं एकच काय ते आपल्या नावावर होतं, आणि ते ही पाच मिनिटांत मोडून ठेवणार, शंभर लोकांदेखत, आणि आपण त्यानंतर उठून कुठल्या तोंडानं टाळ्यांना जागा ठेवणार?

"तेरा नंबर, विमलबाई पेरणे."

त्या उठल्या, चपला खुर्चीखाली नीट लावल्या आणि अनवाणी मंचाजवळ गेल्या. देवळात जाताना जातात तशा. सुप्रियांनी माईक खाली घेतला. "मी बोरशेतची," विमलबाईंनी सुरुवात केली, आणि माईकमधून स्वतःचा आवाज एवढा मोठा आला म्हणून जरा दचकल्या. "आमच्या गावात निवडनूक व्हत नाय. नारळावर हात ठेवतात नि एकमतानं ठरवतात. भांडान नाय, तंटा नाय. लय चांगलं हाय ते. माझ्या मालकांनी चालू केलं, पुढं ते सांगतीलच तुमाला, त्यांनी चार पानं लिवलीत." सभागृह हसलं. आबाजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी पाच वर्सं सरपंच व्हते. बिनविरोध. कुनी विरोध केला नाय माझ्या नावाला, खरं हाय. पन साहेब, कुनी मत पन दिलं नाय. एक पन नाय. पाच वर्सं मी सह्या केल्या नि मला रोज वाटायचं, यांना मी पायजे होते काय? का कुनीतरी पायजे म्हनून मी? मोठ्या निवडनुकीत मानूस पडतो, त्याला पन कळतं, एवढी हजार मानसं माझ्या बाजूला व्हती. मला नाय कळलं. मी पडले असते तरी चाललं असतं. दहा मतं पडली असती, तर दहा पडली. ती दहा मानसं माझी, असं मी म्हटलं असतं. आता गावातनं चालते तवा कोन माझं, कोन नाय, काय ठावं? घरातलं मत तरी मला पडलं असतं का, ते पन ठावं नाय." इथं त्या थांबल्या. अध्यक्षांची पेन्सिलही थांबली. "तर माझं म्हननं एवढंच हाय. एकच नाव आसंल तरी पेटी ठेवा. हे मानूस पायजे की नको, एवढं तरी इचारा. नको म्हनायचं असंल तर म्हनू द्या. आणि घरटी एक नको. मानसी एक. बायकांना, वाडीवरच्यांना, सगळ्यांना." आणि नमस्कार करून त्या परत आल्या, खुर्चीखालच्या चपला पायांत घातल्या. टाळ्या वाजत होत्या. पाच मिनिटांतली तीनच संपली होती.

"चौदा नंबर, आबाजी पेरणे."

खुर्चीपासून माईकपर्यंत वीस पावलं असतील. आबाजींना ती बोरशेतपासून कशेळ्यापर्यंत वाटली. चार कागद हातात होते आणि ते उघडून वाचायला काहीच हरकत नव्हती. बाईनं बाईचं सांगितलं, आपण आपलं सांगू. त्यांनी पहिला कागद उघडला. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात एकच प्रश्न गोल गोल फिरत होता. घरातलं मत तरी पडलं असतं का? त्या रविवारी नारळ नसता आणि पेटी असती, आत आडोसा असता, आणि चिठ्ठीवर विमलचं नाव असतं आणि दुसऱ्या कुणाचं असतं, वरच्या आळीच्या चिमाचं म्हणा, जी शाळेच्या कमिटीवर होती आणि चारचौघांत धडाधड बोलायची. आपण काय केलं असतं? तिला घरातलं काही सांगायचं तर ती आधी पदर सावरते आणि मग बोलते, एवढंच तेव्हा आपल्याला तिच्याबद्दल ठाऊक होतं. आपण फुली कुठं मारली असती? त्यांनी इमानदारीनं आठवून बघितलं, स्वतःला त्या आडोशात उभं करून बघितलं, आणि उत्तर इतकं सरळ आलं की ते स्वतःच चपापले.

"माझं नाव आबाजी गणू पेरणे," ते म्हणाले. "नारळाची पद्धत मी काढली. का काढली ते चार पानांत हाय, ते मी देऊन जातो, वाचा. गावात भांडान झालं नाय, त्याचा मला अजून अभिमान हाय, आणि कुनी तो काढून घ्यायला आलं तर देणार नाय. पन आता आमच्या बाईंनी एक प्रश्न इचारला. त्याचं उत्तर दिल्याबिगर मला खाली बसता येणार नाय." त्यांनी कागद परत मिटले. "त्या टायमाला मत असतं, तर मी हिला दिलं नसतं."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि सगळं सभागृह हसत सुटलं, मंचावरची तिघंही. आबाजी मात्र हसले नाहीत. "हसू नका," ते म्हणाले. "मी हिला बिनविरोध केली आणि मत दिलं नसतं. मंग ते एकमत कसलं? बासष्ट हातांतला माझा एक खोटा निघाला. बाकीच्यांचे किती, देव जानं. नि वाडीवरची बोअर हिनं आनली, मी नाय. ते पन लिहून घ्या." अध्यक्ष म्हणाले, "बोअर आमच्या विषयात बसत नाही, आजोबा." "बसवा," आबाजी म्हणाले. "पाच वर्सांनी परत मत असतं, तर ती बोअर बघून हिला दिलं असतं. पन परत इचारलंच नाय कुनी. पेटीचं तिनं सांगितलं तेच माझं म्हननं. दुसरी सूचना नाय." त्यांनी कागद सुप्रियांच्या हातात दिले आणि ते खाली आले. पाय हलके झाले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्ही गोष्टींची त्यांना लाज वाटत नव्हती. विमलबाईंकडे बघायची हिंमत मात्र झाली नाही. चारचौघांत बायकोला 'मत दिलं नसतं' म्हणून आलेला नवरा, त्यानं बघायचं तरी कुठं! पंधरा नंबर, सोळा नंबर, कोण काय बोललं ते आबाजींच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

चहा आला. चहाबरोबर पोहे, समितीनं लोकांचा कौल प्रामाणिकपणे पाळला होता, आणि ते तावातावाचे म्हातारे गृहस्थ दुसरी बशी घेत होते. बाहेर पायऱ्यांवर दोघं जण बशा घेऊन बसले. आबाजी चमच्यानं शेंगदाणे बाजूला सारत होते. एवढ्यात विमलबाईंचे खांदे हलायला लागले, आणि आबाजींना वाटलं, रडते आहे की काय. बघतात तर बाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता ठसका लागला. आबाजींनी घाईनं पाणी दिलं.

"रागावलीस नाय?"

"कशाला? मला तवाच ठावं व्हतं. चिमाला दिलं असतंत तुमी."

"तुला कसं ठावं?"

"अठ्ठेचाळीस वर्सं झाली. तुमी तोंडानं एक नि मनात एक करता तवा तुमचा डावा कान हलतो." त्यांनी तोंड पुसलं. "पन तोंडानं बोललात, बरं वाटलं. हलकं वाटलं बघा." मग त्यांनी बशी खाली ठेवली, पदर सावरला. आबाजी सावध झाले. "यंदा खुर्ची खुली हाय. मी फॉर्म भरनार."

"सरपंचाचा?"

"मंग काय तलाठ्याचा? मतदार यादीत नावं आपली गावातच हायेत अजून. र्‍हायलाही जाऊ परत, घर काय पळालं नाय. पन मला बिनविरोध नको. नि नारळावर हात ठेवलेला गाव माझ्याविरुद्ध फॉर्म भरनार नाय, तुमी शिकवलंय त्यांना तसं. तवा तुमी भरा."

"मी? तुझ्याविरुद्ध?"

"दुसरा कोन उभा ऱ्हानार? नि मन लावून लढायचं. मला बाई समजून सोडून द्यायचं नाय."

आबाजींनी तोंडातले पोहे कसेबसे गिळले. त्यांना बोरशेतचा रस्ता दिसला, एका बाजूच्या ओट्यावर ते आणि दुसऱ्या बाजूच्या ओट्यावर विमल, दोघंही हात जोडून, आणि गाव मधून हसत चाललेलं. वाडीवर चाळीस घरं. तिथं तर आपलं डिपॉझिट जाणार, हे नक्की. भीती वाटली का? वाटली. पण गंमत अशी की त्या भीतीत त्यांना जितकं तरतरीत वाटलं तितकं सात नारळांत कधी वाटलं नव्हतं.

"आणि मी पडलो तर?"

"तर संध्याकाळी माझ्या हातचं जेवा, दुसरं काय? नि मी पडले तर तुमी भात लावा. पन कळंल तरी, किती जन माझे व्हते ते."

"अगं, पन..." आबाजी अडखळले. हे विचारणं बावळटपणाचं होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आत आडोशात गेल्यावर माझं स्वतःचं मत मी कुणाला देऊ?"

विमलबाईंनी दोन्ही रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या आणि उठल्या.

"ते तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "नि मला सांगू नका."